शिरेपासून नळीपर्यंत : रक्तनमुना घेण्याच्या सुरक्षित पद्धतीचा आढावा

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले आणि त्याच्याशी जोडलेले, सर्वांच्या तोंडी 'घाटी' म्हणून रुळलेले रुग्णालय आज हजाराहून अधिक खाटांचे असून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून, शिवाय शेजारच्या बुलढाणा, जळगाव आणि अहिल्यानगर भागांतून रुग्ण तेथे येतात. तेथे किंवा शहरातील अन्य कोणत्याही मोठ्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत उपचाराच्या आरंभीच एक गोष्ट घडते, ती म्हणजे त्याच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढले जाते. निदान, औषधाची मात्रा, शस्त्रक्रियेची तयारी आणि रक्त चढवण्याचा निर्णय या सर्वांचा पाया त्या दोन-चार मिलिलिटर रक्तावर उभा असतो. तरीही हे काम किरकोळ समजले जाते, नवख्या माणसाकडे सोपवले जाते आणि घाईत उरकले जाते. प्रस्तुत आढाव्यात या कामाची शास्त्रशुद्ध पद्धत कोणती, तिच्यामागील कारणे कोणती आणि मराठवाड्याच्या परिस्थितीत ती कोठे अडते, याचा विचार केला आहे.

अहवाल चुकला की दोष यंत्राला दिला जातो, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. नमुना यंत्रात जाण्यापूर्वी जे जे घडते, म्हणजे रुग्णाची ओळख पटवणे, रक्त काढणे, ते योग्य नळीत भरणे, चिठ्ठी लावणे आणि प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवणे, त्या सर्वाला पूर्वविश्लेषण टप्पा म्हणतात. इटलीतील पादुआ येथे प्लेबानी आणि कॅरारो यांनी तातडीच्या तपासण्यांच्या प्रयोगशाळेतील चुकांची मोजणी केली, तेव्हा १९९७ च्या अभ्यासात एकूण चुकांपैकी सुमारे ६८ टक्के आणि दहा वर्षांनी केलेल्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे ६२ टक्के चुका याच टप्प्यावरच्या निघाल्या. यंत्रे दरम्यानच्या काळात कितीतरी सुधारली, माणसाच्या हातून होणाऱ्या कामातील चुकांचा वाटा मात्र थोडाच घटला.

रक्त घेण्याच्या साधनांत मोठा बदल घडवला तो निर्वात नळीने. जोसेफ क्लायनर यांच्या १९४९ च्या पेटंटमधून आलेल्या या नळीत आतली हवा आधीच काढलेली असल्यामुळे सुई शिरेत गेल्यावर रक्त आपोआप आणि ठरलेल्या प्रमाणात आत ओढले जाते, आणि ते हवेच्या किंवा कर्मचाऱ्याच्या हाताच्या संपर्कात येत नाही. पुढे अमेरिकेतील प्रयोगशाळा मानक संस्थेने रक्त घेण्याचे तपशीलवार मानक ठरवले, जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली सर्व देशांसाठी मार्गदर्शिका काढली आणि २०१८ साली युरोप व लॅटिन अमेरिकेतील प्रयोगशाळा तज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्त शिफारशी प्रसिद्ध केल्या. या तिन्हींचा गाभा एकच आहे. मतभेद आहेत ते तपशिलांचे. उदाहरणार्थ, दंडाचा पट्टा रक्त वाहू लागताच सोडावा असे काही मार्गदर्शिका सांगतात, तर पुरेसे रक्त मिळाल्यावर, पण सुई काढण्यापूर्वी सोडावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. पट्टा बांधलेला असताना सुई बाहेर काढू नये, याबद्दल मात्र कोणाचेही दुमत नाही, कारण तसे केल्यास दाबाखाली असलेले रक्त शिरेतून भोवतालच्या भागात उतरते आणि तेथे काळीनिळी गाठ येते.

पद्धतीची पहिली पायरी सुईची नसून नावाची आहे. रुग्णाला "तुम्ही कांताबाई ना?" असे विचारले, तर भेदरलेला, कमी ऐकू येणारा किंवा नुसताच सौजन्यशील माणूस होकार देऊन मोकळा होतो. म्हणून "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असे विचारून उत्तर त्याच्याकडून घ्यावे आणि ते केसपेपरवरील नावाशी व दुसऱ्या एका खुणेशी, म्हणजे नोंदणी क्रमांकाशी किंवा जन्मतारखेशी, ताडून पाहावे असा नियम आहे. मराठवाड्यातील वॉर्डात या नियमाला विशेष महत्त्व आहे. एकाच खोलीत दोन जाधव, तीन पवार किंवा दोन शेख असणे येथे नवे नाही. अनेक स्त्रियांचे माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे आणि आधार कार्डावरचे तिसरेच असते, तर जन्मतारीख कित्येक वृद्धांना ठाऊक नसते. अशा वेळी नोंदणी क्रमांकाला पर्याय राहत नाही. चिठ्ठी नळीवर लावायची ती रक्त घेतल्यानंतर लगेच आणि रुग्णाच्या समोरच. आधीच चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या नळ्यांचा ट्रे घेऊन वॉर्डभर फिरण्याची किंवा सगळे नमुने गोळा करून टेबलावर बसून नावे लिहिण्याची सवय फार धोकादायक आहे. रक्तगटाच्या आणि जुळणीच्या नमुन्यात अशी अदलाबदल झाली, तर भलत्याच गटाचे रक्त चढून रुग्ण दगावू शकतो.

ओळख पटल्यावर रुग्णाची तयारी पाहावी लागते. उपाशीपोटी करायच्या तपासणीसाठी सामान्यतः ८ ते १२ तास काही खाल्लेले नसावे, पाणी चालते. पहाटेची एसटी पकडून सोयगावहून किंवा कन्नडहून आलेल्या माणसाने वाटेत चहा घेतला असेल, तर ते विचारून नोंदवणे हे रक्त घेणाऱ्याचेच काम आहे. रुग्ण निदान पंधरा मिनिटे बसलेला असावा, कारण उभे राहिल्याने रक्तातील पाण्याचा अंश ऊतींत उतरतो आणि प्रथिने, कोलेस्टेरॉल यांसारख्या घटकांची पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. भीतीची दखलही याच वेळी घ्यावी. रक्त काढल्याने अशक्तपणा येतो ही समजूत खेड्यांत खोल रुजलेली आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि तपासणीसाठी त्यातले दोन-तीन चमचेच लागतात, एवढे शांतपणे सांगितले तरी पुष्कळ भय ओसरते. ज्याला पूर्वी रक्त देताना भोवळ आली असेल, त्याचे रक्त झोपवूनच घ्यावे.

शीर निवडण्याचा प्रश्न कौशल्याचा आहे. कोपराच्या आतल्या खळग्यात मधोमध असणारी मध्य शीर सर्वांत सोयीची, कारण ती मोठी असते, फारशी सरकत नाही आणि तिच्याजवळ नाजूक अवयव कमी असतात. बाहेरच्या, म्हणजे अंगठ्याच्या बाजूची शीर हा दुसरा पर्याय. आतल्या, म्हणजे करंगळीच्या बाजूची शीर सहज दिसली तरी शेवटी निवडावी, कारण तिच्या लगत धमनी आणि हाताची मुख्य चेता असते. सुई टोचताच हातातून विजेसारखी कळ गेली, तर तो चेतेला धक्का लागल्याचा इशारा समजून सुई ताबडतोब काढायची असते, "थोडं सहन करा" म्हणत ती आत फिरवायची नसते. शीर डोळ्यांनी शोधण्यापेक्षा बोटाने शोधावी, कारण चांगली शीर दाबल्यावर स्पंजासारखी उसळते. दोन प्रयत्नांत रक्त मिळाले नाही, तर तिसरा प्रयत्न दुसऱ्या अनुभवी व्यक्तीने करावा हा संकेत रुग्णाच्या हिताचा आहे आणि तो पाळण्यात कोणाचाही कमीपणा नाही.

टूर्निकेट म्हणजे दंडाला बांधायचा लवचिक पट्टा. तो टोचण्याच्या जागेच्या चार-पाच बोटे वर बांधावा आणि एका मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये. पट्टा रेंगाळला की शिरेतले पाणी बाहेर झिरपते आणि पेशी, प्रथिने, कॅल्शियम यांचे प्रमाण खोटेच वाढते. रुग्णाला मूठ सारखी उघडझाक करायला लावण्याची प्रथा सर्वत्र दिसते. ती सोडली पाहिजे, कारण स्नायूंच्या हालचालीने पोटॅशियम वाढते. शीर शोधायला वेळ लागलाच, तर पट्टा सोडून थोडे थांबावे आणि पुन्हा बांधावा. हाच पट्टा दिवसभर पन्नास दंडांवरून फिरत असेल, तर तो जंतूंचे वाहन बनतो, म्हणून एकदाच वापरायचा पट्टा नसेल तेथे तो प्रत्येक वेळी पुसून घेणे आवश्यक आहे.

त्वचा ७० टक्के अल्कोहोलने पुसल्यावर ती आपोआप वाळू द्यावी लागते. त्याला सुमारे अर्धा मिनिट लागतो आणि नेमका हाच अर्धा मिनिट घाईत वाचवला जातो. ओल्या त्वचेतून टोचले तर रुग्णाला चुरचुरते, जंतूंचा नाश अर्धवट राहतो आणि स्पिरिट रक्तात मिसळून तांबड्या पेशी फुटू शकतात. पुसलेल्या जागेवर पुन्हा बोट लावून शीर चाचपली, तर पुसण्याला अर्थ उरत नाही. प्रौढांसाठी २१ किंवा २२ गेजची सुई योग्य असते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. सुईचे तिरपे तोंड वर ठेवून ती ३० अंशांपेक्षा कमी कोनात घालतात. फार बारीक सुईतून सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढला, तर पेशी फुटतात. या पेशी फुटण्याला हिमोलायसिस म्हणतात. अशा नमुन्यात पेशींतले पोटॅशियम आणि काही विकरे बाहेर पडून अहवाल बिघडतो आणि रुग्णाला पुन्हा टोचावे लागते. सुई काढल्यावर कोरडा बोळा दाबून धरावा आणि हात सरळ ठेवावा. बोळा ठेवून कोपर दुमडण्याची आपल्याकडील सार्वत्रिक सवय चुकीची आहे, तिने दाब नीट बसत नाही आणि रक्त साकळण्याची शक्यता वाढते.

नळ्यांच्या, म्हणजे रुग्णालयांत ज्यांना अजून 'बल्ब' म्हणतात त्यांच्या, बुचांचे रंग हे आतल्या रसायनाचे निदर्शक असतात. रक्त भरण्याचा मान्य क्रम असा : आधी जंतुसंवर्धनाच्या बाटल्या, मग निळे बूच, नंतर लाल किंवा पिवळे, त्यानंतर हिरवे, मग जांभळे आणि शेवटी करडे. या क्रमामागे रसायनशास्त्र आहे. जांभळ्या बल्बमध्ये ईडीटीए नावाचे रसायन पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवून रक्त गोठू देत नाही. त्याचा अंश लाल बल्बमध्ये गेला, तर पोटॅशियम भरमसाट वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. हृदयाच्या दृष्टीने ही दोन्ही लक्षणे गंभीर असल्यामुळे निरोगी माणसावर तातडीचे उपचार सुरू होण्याचा धोका असतो. बंद निर्वात पद्धतीत असे मिश्रण अत्यल्प होते आणि म्हणून या क्रमाची गरज किती, असा प्रश्न काही अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. परंतु जेथे सिरिंजने रक्त काढून बल्ब उघडून भरले जातात, तेथे ही चर्चा गैरलागू आहे. लाल बल्ब कमी भरला म्हणून जांभळ्यातले थोडे रक्त त्यात ओतण्याचा प्रकार तर कोणत्याही परिस्थितीत होऊ नये. निळ्या बल्बमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण काटेकोर असते आणि तो खुणेपर्यंत भरला नाही, तर रक्त गोठण्याचा कालावधी खोटाच लांबलेला येतो.

जांभळ्या बल्बचा प्रश्न पावसाळ्यानंतर सामान्य कुटुंबांच्या दारात येतो, म्हणून त्यावर थोडे थांबणे भाग आहे. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट हा शब्द घरोघर ऐकू येतो. निरोगी माणसात प्लेटलेट म्हणजे रक्तबिंबिका साधारण दीड ते साडेचार लाख असतात आणि हा आकडा उतरू लागला की नातेवाईक रक्तपेढ्यांकडे धावतात. परंतु शीर नीट न मिळाल्याने रक्त थेंबथेंब आले, ते सिरिंजमध्येच रेंगाळले किंवा बल्ब भरल्यावर आठ-दहा वेळा हळुवार उलटासुलटा केला नाही, तर रक्तात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक गुठळ्या होतात, त्यांत बिंबिका अडकतात आणि यंत्राला त्या दिसतच नाहीत. काही थोड्या व्यक्तींत ईडीटीएमुळेच बिंबिका एकमेकींना चिकटतात. अशी शंका आली, की काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे किंवा निळ्या बल्बमध्ये नवा नमुना घेणे हा उपाय आहे. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तस्राव नसताना बिंबिका चढवण्याचा विचार सामान्यतः संख्या दहा हजारांच्या खाली गेल्यावरच करायचा असतो. एका चुकीच्या नमुन्यापायी एखाद्या शेतमजूर कुटुंबाने रात्रीतून पैसे उभे करावेत आणि रुग्णाला नको ते रक्तघटक मिळावेत, ही टाळता येण्याजोगी हानी आहे. डेंग्यूच्या रुग्णात टोचलेल्या जागी पाच मिनिटे किंवा त्याहून अधिक दाब धरावा लागतो हेही येथेच नोंदवले पाहिजे.

शेतीप्रधान भागात रक्ताच्या आणखी एका तपासणीवर जीव अवलंबून असतो. घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि ते ओळखण्यासाठी वीस मिनिटांची चाचणी करतात. शिरेतून घेतलेले दोन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या, काचेच्या नळीत घालून ती रुग्णाजवळच वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करून रक्त गोठले की नाही ते पाहायचे. या चाचणीला यंत्र लागत नाही, त्यामुळे ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही शक्य आहे. परंतु नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुऊन पुन्हा वापरलेली असेल, तर रक्त गोठण्याची क्रिया नीट सुरूच होत नाही आणि निष्कर्ष फसवा येतो. नळी मध्येच हलवून पाहण्याचा मोहही आवरावा लागतो. प्रतिविष द्यायचे की नाही हा निर्णय अशा साध्या काळजीवर ठरतो.

काही रुग्णांच्या बाबतीत हात निवडतानाच विचार करावा लागतो. शहरातील शासकीय कर्करोग रुग्णालयात येणाऱ्या अनेक रुग्णांच्या शिरा केमोथेरपीने कडक झालेल्या असतात आणि ज्या स्त्रीच्या स्तनाची शस्त्रक्रिया होऊन काखेतील लसग्रंथी काढल्या आहेत, तिच्या त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका असल्यामुळे तो टाळतात. डायलिसिससाठी फिस्तुला केलेल्या हाताला तर पट्टाही बांधायचा नाही. सलाईन चालू असलेल्या हातातून घेतलेले रक्त पातळ होते, म्हणून दुसरा हात निवडावा. नवजात बाळाच्या टाचेच्या कडेला टोचून रक्त घेतात, टाचेच्या मध्यभागी टोचल्यास हाडाला इजा होऊ शकते. तान्ह्या बाळाच्या शरीरात किलोमागे अवघे ८० मिलिलिटर किंवा त्याहून किंचित अधिक रक्त असते, म्हणून तपासण्या एकत्र करून कमीत कमी रक्त काढणे हे डॉक्टरांचेही कर्तव्य ठरते. जंतुसंवर्धनासाठीचे रक्त शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, दोन वेगळ्या जागांहून आणि प्रौढात बाटलीमागे ८ ते १० मिलिलिटर इतके घ्यावे.

नमुना घेतल्यानंतरचा प्रवास हा मराठवाड्यातील खास अडचणीचा भाग आहे. एचएलएल लाइफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत २०१७ पासून चाललेल्या 'महालॅब' योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रांवर आणि ग्रामीण रुग्णालयांत घेतलेले नमुने दूरच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासले जातात. गावातल्या माणसाला विनामूल्य तपासणी मिळाली हा या व्यवस्थेचा मोठा लाभ आहे. मात्र नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, त्यामुळे न वेगळ्या केलेल्या रक्तातील साखर साध्या तापमानालाही दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो तेव्हा ही घट अधिक वेगाने होते. करड्या बल्बमधील फ्लोराइड ही क्रिया थांबवते खरे, पण पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन तास जातात. म्हणजे ज्याला मधुमेहाची सुरुवात आहे, त्याचा अहवाल निर्दोष येऊन तो निश्चिंतपणे घरी जाण्याची शक्यता राहते. उपाय म्हणून नमुना सरळ बर्फावर ठेवला, तर पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपते. त्यामुळे दोन तासांच्या आत रक्त फिरवून त्यातील द्रव वेगळा करणे आणि मगच तो थंड पेटीतून पाठवणे हाच खात्रीचा मार्ग असून, त्यासाठी आरोग्य केंद्रावर सेंट्रिफ्यूज, वीज आणि ते चालवणारा माणूस लागतो.

आतापर्यंतचा विचार रुग्णाच्या बाजूने झाला, पण सुईचे दुसरे टोक कर्मचाऱ्याकडे असते. रक्त भरलेली पोकळ सुई चुकून टोचली, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सीची २ टक्क्यांच्या आत आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के मानली जाते. यातील पहिल्या आजारावर ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायच्या तीन मात्रांची प्रभावी लस आहे आणि ती न देता कोणालाही या कामावर नेमणे अक्षम्य आहे. अपघाताचे मुख्य कारण म्हणजे वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणे. टोपण लावू नये, सुई हाताने वाकवू नये, ती तेथल्या तेथे नष्ट करून जाड डब्यात टाकावी. सुई टोचल्यास जखम पिळू नये, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि तत्काळ कळवावे, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचे असते. ओरडा बसेल या भीतीने कित्येक प्रशिक्षणार्थी हे लपवतात, आणि तो दोष त्यांचा नसून त्यांना ओरडणाऱ्यांचा आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ याने अशा ठिकाणी संरक्षक साधने व प्रतिबंधक औषध पुरवणे ही आस्थापनेची जबाबदारी ठरवली असून, त्याच कायद्यानुसार एचआयव्ही तपासणीसाठी रुग्णाची माहितीपूर्वक संमतीही आवश्यक आहे.

कचऱ्याबाबत जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ स्पष्ट आहेत. सुया आणि धारदार वस्तू पांढऱ्या अर्धपारदर्शक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, सुई काढलेल्या सिरिंजा, हातमोजे व प्लास्टिकचे बल्ब लाल पिशवीत आणि रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत जातात. या वर्गीकरणात चूक झाली की तिची किंमत सफाई कामगार मोजतो, ज्याने रुग्णाला पाहिलेलेही नसते. २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्यामुळे हिपॅटायटिस बीची जी जीवघेणी साथ पसरली, ती हे नियम कशासाठी आहेत ते दाखवून देते.

या सर्व तपशिलांतून एक निष्कर्ष टाळता येत नाही. योग्य पद्धत महागडी नाही आणि अवघडही नाही, तिला प्रत्येक रुग्णामागे काही मिनिटांचा निवांतपणा लागतो आणि गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयात नेमका तोच दुर्मीळ असतो. प्रगत देशांत फ्लेबोटोमिस्ट, म्हणजे रक्तनमुने घेण्याचेच प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी, ही स्वतंत्र नेमणूक असते. आपल्याकडे हे काम परिचारिका, निवासी डॉक्टर, आंतरवासिता करणारे विद्यार्थी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यात वाटले जाते आणि त्यांतील प्रत्येकाच्या माथी दुसरे मोठे काम असतेच. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यामुळे प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या शिक्षणाला एकसारखी चौकट मिळण्याची वाट खुली झाली आहे. त्या चौकटीत रक्त घेण्याच्या प्रात्यक्षिकाला स्वतंत्र परीक्षा असावी आणि मोठ्या शासकीय रुग्णालयांत सकाळच्या पाळीसाठी तरी याच कामाची स्वतंत्र पदे निर्माण व्हावीत. तोवर रुग्णाने आणि त्याच्या नातेवाइकांनी तीन गोष्टी निःसंकोच मागाव्यात : सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जावे, आपले नाव आपल्याच तोंडून विचारले जावे आणि बल्बवरची चिठ्ठी आपल्या देखत लागावी.